छटाकचं वजन

काटेसाहेबांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि ते तिथेच राहिलं होतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. किराणावाल्याचा, सोनाराचा, भंगारवाल्याचा, शहरातला एकेक काटा त्यांच्या नजरेखालून गेला. पास झाला तरच त्यावर शिक्का बसायचा, आणि नाही झाला तर दुकानदार कितीही गोड बोलो, साहेब चहाला हात लावत नसत. लोक आधी त्यांना पाठीमागे काटेसाहेब म्हणू लागले, मग तोंडावर. त्यांना ते मनातून आवडायचं, पण तसं कधी त्यांनी दाखवलं नाही.

निवृत्त होताना त्यांनी ऑफिसमधून एकच वस्तू घरी आणली. खात्यात सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तेव्हा जुना लोखंडी प्लॅटफॉर्म काटा अडगळीत निघाला होता. दांडीवर वजन सरकवून मोजायचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा, दोन माणसांना न उचलवणारा. लोकांच्या घरात जिथे चपलांचं कपाट असतं तिथे, स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या बोळात, साहेबांनी तो मांडला. दर महिन्याला मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं काढून ते त्याची परीक्षा घेत. काटा कधी नापास झाला नाही. साहेबांचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे बोळात काटा का, असं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

मग अक्का राहायला आली.

अक्का त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा साहेब चार वर्षांचे होते आणि अक्का बारा. त्या बारा वर्षांच्या पोरीने त्यांना कडेवर घेऊन घर सांभाळलं, आणि शाळेत जायला उशीर झाला की मास्तरांची बोलणीही खाल्ली. चौसष्टाव्या वर्षीसुद्धा ती त्यांना बाळ्या म्हणायची. ज्या माणसासमोर बाजार चळचळा कापायचा त्याला बाळ्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

अक्काचे यजमान गेले आणि एकोणपन्नास वर्षांचा संसार दोन बॅगांत भरून ती भावाकडे आली. रडली नाही, कुढली नाही, फक्त तिचं जेवण सुटलं. ताट समोर घ्यायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. साहेब रोज विचारत, "अक्का, जेवलीस का?" ती म्हणे, "जेवले." मग ती खोलीत गेली की साहेब गुपचूप पातेल्याचं झाकण उचलून बघत, आणि भात जसाच्या तसा असे. तिच्या बोटातली अंगठी दोनदा भांडी घासताना गळून पडली. तेव्हा तिने अंगठीला आतून पांढरा दोरा गुंडाळून घेतला. पुढे ती न्हाणीघरात पडली आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं की हाडं ठिसूळ झालीत, सात किलोंच्या वर काही उचलायचं नाही आणि वजन काही करून वाढायला हवं. वजन बघायला काट्यावर उभ्या राहा म्हटल्यावर अक्का म्हणाली, "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" डॉक्टरांनी हात टेकले.

हे सगळं फोनवर ऐकून अक्काच्या लेकीने, म्हणजे साहेबांच्या भाचीने, दूरच्या शहरात बसून एक कुत्रं बुक केलं. पॉमेरेनियन. सोबत छापील हमीपत्र होतं: जात शुद्ध, पूर्ण वाढ झाल्यावर वजन तीन ते साडेतीन किलो, जातीत फरक आढळल्यास वर्षाच्या आत पिल्लू बदलून मिळेल. खाली सही आणि शिक्का. साहेबांना कुत्र्यांचं वावडं होतं, पण शिक्का ठसठशीत होता आणि तीन किलोंचं जनावर अक्काला उचलता येण्यासारखं होतं. टोपलीतून ते बाहेर आलं तेव्हा ओंजळीत मावेल एवढं होतं. साहेब म्हणाले, "हे तर छटाकभरसुद्धा नाही." अक्काने लगेच तेच नाव ठेवलं.

छटाकचं पहिलं वजन त्याच दिवशी झालं. पण डुगडुगणाऱ्या लोखंडी पाटावर ते पिल्लू क्षणभरही थांबेना, उडी मारून पलंगाखाली जाई. तेव्हा साहेबांनी खात्यातली जुनी रीत काढली. तेल, गूळ, काकवी, जे नुसतं काट्यावर ठेवता येत नाही ते भांड्यात घालून तोलायचं. भांडं आधी रिकामं मोजायचं, या रिकाम्या वजनाला धडा म्हणतात, आणि मग भरल्या वजनातून धडा वजा करायचा. भांडं व्हायला अक्का तयार झाली, पिल्लासाठी म्हणून. आधी ती एकटी चढली. अडतीस किलो चारशे. मग छटाकला छातीशी धरून चढली. एकोणचाळीस किलो तीनशे. छटाक नऊशे ग्रॅम. साहेबांनी जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या रविवारी अक्का म्हणाली, "हे बघ, पायरी उंच आहे. मी एकदाच चढेन, याला घेऊन. मला उगाच दोनदा नाचवू नकोस."

साहेबांनाही ते सोयीचं वाटलं. धडा वहीत होताच. त्यातून त्यांनी वजाबाकी केली आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहा झाला की असंच चालू राहिलं.

छटाक वाढू लागला. आधी सगळ्यांना कौतुक वाटलं. सहा महिन्यांचा झाला तेव्हा वहीत सहा किलो लागले होते आणि साहेबांच्या कपाळावर आठी पडली होती. त्यांनी आधी काट्यावर संशय घेतला. पेटी काढून काटा दोनदा तपासला, चोख निघाला. मग त्यांनी अक्कावर संशय घेतला. कारण छटाकला एक खोड होती. त्याच्या वाटीत खाणं घातलं तरी तो वाटीकडे पाठ करून अक्काच्या खुर्चीपाशी बसून राही. अक्काने आपल्या ताटातला पहिला घास तोंडात घातला की उठायचा आणि मग वाटीला तोंड लावायचा. मध्येच ती थांबली की तोही थांबायचा. साहेबांना हे लाड वाटले. त्यांनी निष्कर्ष काढला की अक्का आपलं ताट कुत्र्याच्या पोटात घालते.

"मी त्याला काही देत नाही," अक्का म्हणाली.

"मग तुझं ताट रिकामं कसं होतं?"

"जेवल्यावर रिकामंच होतं ताट, बाळ्या."

यावर साहेबांनी विश्वास ठेवला नाही. छटाकचं खाणं तक्त्याप्रमाणे तोलून देत होते ते आता चौथा हिस्सा कमी केलं, आणि तरी वहीतला आकडा दर रविवारी वरच सरकत राहिला. डोळा फसतो, काटा फसत नाही, हे त्यांचं नोकरीतलं पेटंट वाक्य होतं. छटाककडे नुसतं बघून कोणी त्याला वहीत लिहिलेल्या वजनाचा म्हटलं नसतं, पण एवढ्या केसांच्या आत किती कुत्रं आहे हे बघून कळतं कोणाला?

समोरच्या चष्मेवाल्याला मात्र कळत होतं. संध्याकाळी साहेब छटाकला फिरवून आणत तेव्हा तो दुकानाच्या दारात उभा राहून काचा पुसत असे.

"साहेब, पॉम ना हा?"

"हो."

"नाही, म्हटलं विचारावं. आमच्या मेहुण्याचा पॉम शबनम पिशवीत बसतो. याला पोतं लागेल." आणि मग फार काळजीने, "खानदानात कुठे मेंढी आली होती का, चौकशी करून बघा."

चौतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांचा खोटेपणा पकडला त्यांच्याच घरात खोटा शिक्का मारलेला माल, ही गोष्ट साहेबांच्या जिव्हारी लागली. पण खरं म्हणजे ते त्याहून वेगळ्याच गोष्टीने धास्तावले होते. बाराव्या महिन्यातल्या एका रविवारी अक्का छटाकला उचलून चढली आणि दांडी एकावन्न किलो शंभरवर स्थिरावली. साहेबांनी वजाबाकी केली. बारा किलो सातशे. डॉक्टरांनी सात किलोंची हद्द घालून दिली होती आणि अक्का जवळजवळ त्याच्या दुप्पट ओझं रोज खुर्चीवरून पलंगावर आणि पलंगावरून खिडकीत नेत होती. आज ना उद्या हिचं दुसरं मनगट जाणार, नाहीतर मणका, असं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

त्यांनी पेन उघडलं आणि पिल्लं विकणाऱ्या बाईला अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, दिनांकवार वजनांचा तक्ता, आणि शेवटी मागणी: हमीपत्रानुसार सदर श्वान परत घेऊन लहान चणीचे पिल्लू द्यावे. वर्ष भरायला तीन आठवडे उरले होते. मग तो अर्ज त्यांनी अक्काला वाचून दाखवला, कारण तिच्या नकळत असं काही करणं त्यांच्याने झालं नसतं.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. छटाक तिच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता.

"मला तो जड नाही वाटत रे," ती म्हणाली.

"तुला नाही वाटणार. तू सांगणारही नाहीस."

"आणि बदलून मिळेल ते कसं असेल?"

"तीन किलोंचं. असंच पांढरं. शुद्ध."

"हा नसेल ना पण," अक्का म्हणाली आणि उठून खिडकीशी गेली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "कधी जायचं?" तिने एवढ्या पटकन मान तुकवली हेच साहेबांना जास्त लागलं. त्या रात्री ताट वाढून ती बसली, पण पहिला घास घ्यायला तिला फार वेळ लागला, आणि तोवर छटाक वाटीकडे न बघता तिच्याकडे बघत राहिला. साहेबांनी हेही पाहिलं. पाहून त्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं.

मंगळवारी सकाळी ते टॅक्सीने निघाले. पुढे ड्रायव्हरशेजारी साहेब, मांडीवर पितळी वजनांची पेटी आणि अर्जाची फाईल. मागे अक्का आणि छटाक. अक्काने त्याचा गळपट्टा धुऊन वाळवून घातला होता, त्याची वाटी आणि झोपायचं जुनं स्वेटर एका पिशवीत भरून घेतलं होतं.  ड्रायव्हर एकदा म्हणाला, "गुबगुबीत आहे. कुठली जात?" साहेब म्हणाले, "त्याचाच निकाल लावायला चाललोय."

बाईंचं घर गावाबाहेर होतं. फरशी नुकतीच फिनेलने पुसलेली, भिंतीवर स्पर्धांच्या चषकांचे फोटो, कोपऱ्यात दिव्याच्या उबेला चार पिल्लं एकमेकांवर झोपलेली. बाई चाळिशीच्या, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, हाताला दुधाच्या पावडरीचा वास. साहेबांनी फाईल पुढे केली. बाईंनी अर्ज उभ्या उभ्या वाचला, शेवटी तक्त्याशी थांबल्या आणि मग अक्काच्या मांडीवरच्या छटाककडे बघितलं.

"बारा किलो सातशे? हा? कोण म्हणतं?"

"काटा म्हणतो."

"साहेब, तेरा किलोचा पॉम मी जन्मात पाहिला नाही. मोठा आहे, नाही म्हणत नाही मी. पण हा फार तर सहा-साडेसहा असेल."

"अंदाज नकोत. काटा आहे ना तुमच्याकडे?"

काटा होता, जमिनीलगतचा सपाट, वर रबरी चटई घातलेला, जनावरं घाबरू नयेत असा. साहेबांनी तो लगेच मान्य केला नाही. पेटी उघडून पाच किलोंचं वजन ठेवलं, मग एक किलोचं, मग दोन्ही मिळून. चारही कोपऱ्यांत ठेवून बघितलं. बाई कमरेवर हात ठेवून शांतपणे बघत राहिल्या. काटा चोख निघाला, तेव्हा साहेबांनी मान हलवली. बाईंनी छटाकला चटईवर आणलं, हात त्याच्या नाकासमोर वर धरला, आणि घरी कधी क्षणभर न थांबणारा तो प्राणी शहाण्यासारखा बसून राहिला.

सहा किलो शंभर.

साहेबांनी पुन्हा करायला लावलं. सहा किलो शंभर.

"आणि साहेब," बाई छटाकच्या केसांत बोटं घालून म्हणाल्या, "बरगड्या लागतात हाताला. याला पोटभर घालत जा की."

साहेब बाकावर बसले. घरचा काटा बरोबर होता, रविवारीच तपासला होता. हाही काटा बरोबर होता. म्हणजे एका रविवारपासून मंगळवारपर्यंत सहा किलो सहाशे ग्रॅम कुठेतरी गेले होते. आयुष्यभर त्यांनी हरवलेलं वजन शोधलं होतं. ते नेहमी कुठेतरी सापडायचं, तागडीखाली चिकटवलेल्या चिंचोक्यात, पोकळ केलेल्या मापात. एकदा एक तेलवाला सापडला होता. डबे बदलले तरी हा पठ्ठ्या वर्षापूर्वी काढलेला धडाच वजा करत होता. "लबाडी नाही साहेब, आळस," तो हात जोडून म्हणाला होता. साहेबांनी त्याचं दुकान तीन दिवस बंद ठेवलं होतं. धडा शिळा चालत नाही, दर वेळी ताजा घ्यायचा, असं त्याच्या तपासणी वहीत स्वतःच्या हाताने लिहून सही ठोकली होती.

हे आठवलं आणि साहेबांचा हात फाईलवरच थांबला.

त्यांनी मान वळवून अक्काकडे बघितलं. वर्षभर तिला ते रोज बघत होते आणि रोज बघितलेलं माणूस दिसत नाही, तसंच त्यांचं झालं होतं. मागच्या वर्षी तिच्या अंगावर लोंबणारं ते राखाडी स्वेटर आता बटणांपाशी ताणलं होतं. गालांवरची उतरलेली कातडी भरून आली होती. ती छटाकला परत मांडीवर घेत होती आणि तिच्या बोटातल्या अंगठीला दोरा नव्हता. कधी काढला होता कोणास ठाऊक.

"अक्का, जरा काट्यावर ये."

"मी? आता मला कशाला?"

"ये म्हणतो ना. याला खाली ठेव. एकटी ये."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की अक्काने पोत्याबित्याचं काही काढलं नाही. छटाकला खाली ठेवून ती चटईवर उभी राहिली. आकडे थोडे थरथरले आणि थांबले.

पंचेचाळीस किलो.

साहेबांना कागद लागला नाही. पंचेचाळीस आणि सहा शंभर, एकावन्न शंभर. ग्रॅमसुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. दर रविवारी ते कुत्र्याच्या नावावर लिहीत होते ते वजन त्यांच्या बहिणीचं होतं. अकरा महिने अक्का घासाघासाने परत येत होती आणि तिचा भाऊ, खात्यातला सगळ्यात कडक निरीक्षक, ते वाचून कपाळावर आठ्या घालत होता.

"काय झालं?" अक्काने विचारलं. "किती आलं?"

"पंचेचाळीस."

"जास्त आहे का?"

 त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसले. अक्का काट्यावरून उतरून त्यांच्याशेजारी बाकावर येऊन बसली.

"बाळ्या, रडायला काय झालं? मी जाड झाले म्हणून?"

मग साहेबांनी सांगितलं. पहिल्या दिवसाचा अडतीस चारशे, त्यातूनच दर वेळी केलेली वजाबाकी, सगळं. अक्का ऐकत होती. पिल्लंवाल्या बाई पाठ फिरवून पिल्लांच्या दिव्याशी उगाच काहीतरी करत राहिल्या.

"पण हे त्या तेलवाल्यासारखंच नाही का झालं?" अक्का म्हणाली. "ज्याचं दुकान तू तीन दिवस बंद ठेवलं होतंस. मला फोनवर किती रंगवून सांगितलं होतंस तेव्हा."

"तेच झालं."

"एवढा मोठा साहेब तू. ताजा धडा का नाही घेतलास?"

"तू एकदाच चढेन म्हणालीस."

"मी म्हणाले म्हणून तू सोडणारा आहेस होय?"

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मला तो आकडा परत बघायचा नव्हता, अक्का. अडतीस बघितला तेव्हाच मी घाबरलो होतो. पुढच्या वेळी सदतीस दिसला असता तर मी काय केलं असतं? म्हटलं, नकोच बघायला."

अक्काने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तोच तिचा जुना हात होता, आणि आता तो पूर्वीसारखा वजनदार होता.

"अरे, तो जेवत नाही," ती छटाककडे बघत म्हणाली. "मी पहिला घास घेतल्याशिवाय वाटीला तोंड लावत नाही. मी दोन घासांवर उठले की तोही उठतो. एवढंसं होतं ते तेव्हा. त्याला काय उपाशी मारायचं होतं मी? सुरुवातीला बळंच खात होते. नंतर कधी भूक लागायला लागली, माझं मलाच कळलं नाही."

साहेबांनी हे रोज दोन वेळा पाहिलं होतं आणि त्याला लाड असं नाव देऊन त्या प्राण्याचं खाणं कापलं होतं. ते बाकावरून उठले आणि गुडघे कुरकुरत असताना फरशीवर छटाकसमोर बसले. आभार मानायची त्यांना सवय नव्हती. नोकरीत फार झालं तर ते 'ठीक आहे' म्हणत. त्यांनी छटाकच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझे फार उपकार झाले, बाबा." छटाकने त्यांचा चष्मा चाटला.

बाई आता वळल्या. त्यांच्या हातात जुना फोटो होता, पिवळट, कोपरे मुडपलेला. त्यात एका मुलीशेजारी छटाकएवढाच पांढरा कुत्रा बसला होता.

"ही याची पणजी. पूर्वी ही जात मोठीच असायची, साहेब. लोकांनी लहान लहान निवडत आणली. मधूनच एखादं पिल्लू असं पणजीवर जातं. माझ्या मते हा शुद्ध आहे. पण माझं मत म्हणजे शिक्का नव्हे. हमीपत्रावर मी साडेतीन लिहिलंय आणि हा सहा आहे, तेव्हा तुमची तक्रार आजही खरी आहे. म्हणाल तर याच्या गालातला नमुना तपासायला पाठवते, पंधरा दिवसांत कळेल. म्हणाल तर आत्ता बदलून देते."

अक्काने छटाकचा गळपट्टा धरला. तिची बोटं पांढरी झाली होती.

काटेसाहेबांनी फाईलमधून अर्ज काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"बदलून नको. नमुनाही नको," ते म्हणाले. "सहा किलो म्हणजे डॉक्टरांच्या हद्दीत आहे. माझी काही तक्रार नाही. वेळ घेतला तुमचा, माफ करा." मग दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. "तुम्ही आम्हाला काय दिलंत ते तुम्हाला ठाऊक नाही, बाई," ते म्हणाले, आणि पुढचं नमस्कारावर भागवलं.

परतीच्या टॅक्सीत साहेब मागे बसले, अक्काशेजारी. पेटी पायाशी, छटाक दोघांच्या मध्ये, अर्धा हिच्या मांडीवर अर्धा त्यांच्या.

"मग आहे का हा शुद्ध?" अक्काने विचारलं. "चष्मेवाला विचारेल."

"सांग त्याला, पणजीवर गेलाय. आणि मेंढी आली असेल खानदानात तर आली असेल. चांगल्या घरची होती."

अक्का हसली. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. साहेबांनी तिला असं शेवटचं हसताना कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, आत्ता ती हसतेय तेवढं पुरे होतं.

घरी आल्यावर त्यांनी आधी छटाकची वाटी भरली. तोलून नाही, नुसती भरली, काठोकाठ. मग बोळात काट्यापाशी स्टूल ओढून वही उघडली. अकरा महिन्यांचे आकडे खोडले नाहीत, त्यांच्या खात्यात नोंद खोडायची पद्धत नव्हती. शेवटच्या ओळीखाली त्यांनी तपासणीचा शेरा लिहिला: धडा शिळा वापरल्याचे आढळले. निरीक्षकास सक्त ताकीद. खाली सही केली, तारीख टाकली आणि पुढच्या पानावर पट्टी धरून दोन रकाने आखले. एकावर लिहिलं छटाक. दुसऱ्यावर धडा लिहायला घेतलं, थांबले, आणि अक्का असं लिहिलं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चमचा ताटाला लागला, मग क्षणभराने छटाकच्या वाटीची फरशीवर खडखड सुरू झाली. साहेब पट्टी हातात धरून ती खडखड संपेपर्यंत ऐकत बसले.

अक्का हात पुसत बोळात आली. साहेबांनी सवयीने विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले," अक्का म्हणाली आणि खोलीत गेली. छटाक तिच्या मागे गेला.

साहेबांनी वही मिटली, दिवा मालवला आणि झोपायला गेले. पातेल्याचं झाकण त्यांनी उचलून बघितलं नाही.